कानातली बाई

रविवारी सगळ्यांनी जमायचं ठरलं तेव्हाच धाकटीला कळलं होतं, की निर्णय होऊन गेलेला आहे आणि जमायचंय ते फक्त तिच्या कानावर घालण्यासाठी. या घरात निर्णय असेच व्हायचे. आधी थोरला आईला फोन करायचा, मग आई स्वयंपाकघरात भांडी नको तितकी जपून ठेवायला लागायची, आणि मग दोघं समोर बसून अगदी गरीब चेहऱ्याने विचारायचे, "तुला काय वाटतं?" गिरणीजवळचं घर सोडून या तिसऱ्या मजल्यावर राहायला यायचं तेव्हाही हेच झालं होतं.

आई आज भांडी फार जपून ठेवत होती.

धाकटी बाबांच्या खोलीत बसून होती. पलंग खिडकीशी सरकवलेला, उशांची चळत केलेली, आणि बाबा त्यावर रेलून बाहेर बघत. त्यांच्या गळ्याभोवती पांढरा सुती पट्टा होता आणि पट्ट्याच्या मधोमध नळी. कॅन्सरने स्वरयंत्र गेलं, आता श्वास नाकातोंडातून नाही तर गळ्याला पाडलेल्या भोकातून चालतो, हे तिने चष्म्याच्या दुकानातून रजा घेताना मालकांना न रडता सांगितलं होतं. नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते. ती सकाळ-संध्याकाळ काढायची, धुवायची, परत बसवायची. एवढंच काम. परिचारिकेच्या हाताला ते इतकं सरावाचं, की ती एकीकडे हवापाण्याच्या गप्पा मारत करायची. बाबा मात्र तिचा हात गळ्यापाशी आला की बिथरायचे. आधी खोकला, मग घाबरणं, मग घाबरल्यामुळे आणखी खोकला. काल त्यांनी हात असा झटकला की ट्रे भिंतीवर आदळला आणि बाहेरची नळीही निम्मी निघून आली.

"मला असं नाही जमणार," परिचारिका म्हणाली होती. चिडून नव्हे, सरळपणे. "ते शांत राहत असतील तर घरी ठेवा. नाहीतर शहराबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात हलवा. तिथे गुंगीचं इंजेक्शन देऊन करतात. डॉक्टरही तेच म्हणतील."

आणि बाबांना शांत ठेवायची जबाबदारी धाकटीने आपणहून अंगावर घेतली होती. तिने कानातली बाई आणली होती.

हे नाव आईचं. रुग्णालयातल्या वाचा-उपचाराच्या ताईंनी धाकटीच्या फोनमध्ये एक ऑडिओ घालून दिला होता. मागे पाणी वाहतंय, आणि एक बाई अगदी हळू, साय बाजूला करावी तशा आवाजात सांगतेय : आता खांदे सैल सोडा... डोळे अलगद मिटा... तुम्ही एका हिरव्यागार कुरणात उभे आहात... प्रत्येक श्वास तुमचा मित्र आहे... धाकटीने स्वतःच्या पैशाने चांगले जाड, मऊ हेडफोन आणले. बाबांना देण्याआधी आई म्हणाली, "बघू तरी," आणि खुर्चीत बसल्या बसल्या अशी गाढ झोपली की गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं. थोरल्याने एकदा ऐकला आणि त्याच्या बस आगारातून आलेले सगळे फोन चुकवले. शेजारच्या काकू तर मागून घेऊन गेल्या. कानातल्या बाईने सगळ्या मजल्याला शांत केलं, एक बाबा सोडून.

बाबा हेडफोन लावून पडून राहायचे. डोळे मात्र मिटायचे नाहीत. टक्क उघडे, आणि खोलीत जो असेल त्याच्या चेहऱ्यावर खिळलेले. "आवाज येतोय ना?" धाकटी मास्क जरा खाली करून, मोठ्याने विचारायची. ते मान हलवायचे. येतोय. "बरं वाटतंय?" पुन्हा मान. आणि तासाभराने परिचारिका आली की पुन्हा तेच महाभारत.

"बाबा," ती आता म्हणाली, "दादा येतोय."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. तिला वाटलं, त्यांनाही ऐकायचं नाहीये.

*

थोरला आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला. गिरणीजवळच्या घरात असं केलं असतं तर बाबांनी एका नजरेत उठवलं असतं.

"मी केंद्र बघून आलो," तो म्हणाला. "स्वच्छ आहे. खोल्यांना उजेड आहे. बाग आहे मागे."

"कुरण आहे का?" धाकटीने विचारलं.

"हे बघ, टोमणे नकोत."

"मग बूट काढ."

त्याने बूट काढले. आईने चहा आणून ठेवला आणि त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसली. कोण कुणाच्या बाजूला, हे धाकटीने तेवढ्यावरून ओळखलं. कालपर्यंत आई तिच्या बाजूला होती. काल संध्याकाळी ट्रे आदळला आणि बाजू बदलली.

"आई, तू तरी बोल. त्यांना तिथे बांधून ठेवतील गं."

"बांधत नाहीत," थोरला म्हणाला.

"गुंगी देतात म्हणजे तेच."

"मग इथे काय करतो आपण?" थोरल्याचा आवाज चढला. या घरातल्या सगळ्यांचाच आवाज चटकन चढायचा; कापडगिरणीच्या विणाई खात्यात काम केलेल्या माणसाच्या घरात हळू बोलायला कुणी शिकलेलंच नव्हतं. "काल हात कुणी धरले त्यांचे? तू नाही धरलेस. आईने नाही धरले. मी धरले. माझ्या दोन्ही हातांनी त्यांची मनगटं गादीवर दाबून ठेवली. आणि ते माझ्याकडे बघत होते. कसे बघत होते ते तू पाहिलं नाहीस, तू ट्रे उचलत होतीस."

थोरल्याने चहाचा कप उचलला आणि परत ठेवला. रात्रभर त्याला ते मनगट हातात जाणवत राहिलं होतं. याच मनगटाला लोंबकळून तो लहानपणी गिरणीच्या फाटकापासून घरापर्यंत यायचा. पाय वर उचलून घ्यायचा आणि बाबा बोलता बोलता त्याला तसाच पुढे नेत. इतकं बारीक झालंय ते, हे दाबेपर्यंत कळलं नव्हतं.

"मला ते पुन्हा जमणार नाही," तो म्हणाला. "तिथे दुसरं कुणीतरी धरेल."

"मी काही यांना हौसेने पाठवत नाहीये," आई म्हणाली. तिचं तोंड थकव्याने ओढलेलं होतं. "पण मी आता रोज हे बघू शकत नाही गं. तुझी ती बाई सांगते श्वास मित्र आहे. यांचा श्वास यांच्या जिवावर उठलाय."

"अजून थोडे दिवस—"

"आज संध्याकाळी परिचारिका येईल," थोरला म्हणाला. "आज नीट झालं तर बघू. नाहीतर उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो."

धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग दाराकडे. तिनेही एक फोन केला होता. म्हणजे फोनवर ओरडली होती, कारण पलीकडे आत्या होती.

*

आत्या आल्याचं तळमजल्यावरच कळलं. जिन्यावर ती कुणाला तरी, "अहो, तिसरा मजला तिसराच असतो ना?" असं विचारत होती आणि ते अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं.

आईचे खांदे ताठ झाले. "हिला कुणी बोलावलं?"

"मी," धाकटी म्हणाली.

आई उठून दारात गेली. नणंद-भावजयींमध्ये भांडण असं कधी झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. आईला आठवत होतं ते जेवणाचं टेबल, गिरणीजवळच्या घरातलं. ती नवी लग्न होऊन आलेली. समोर नवरा, त्याच्यापुढे बसलेली त्याची बहीण. दोघं एकाच खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायची. तोंड मोठं उघडून, प्रत्येक शब्दाला गालांचा आकार देऊन. अख्खं खातं या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्पा मारायचं. 'खात्यातलं बोलणं' म्हणत त्याला. आणि हे दोघं घरी आले तरी तसंच बोलायचे. जेवताना आवाज फक्त ताटांचा, आणि मध्येच दोघं एकदम खो-खो हसायला लागायची. आपल्यावर हसतात, असं तिला वाटायचं. ती एकदा भाजी वाढता वाढता रडली होती तेव्हा नवरा गोंधळून गेला. "अगं, आमच्या मुकादमाच्या, त्या जॉबरच्या टोपीवर हसत होतो," म्हणाला. पण तिने ते धरलं ते धरलंच. ऑपरेशन झाल्यावर नणंदेचा फोन आला की ती सांगायची, त्यांना आराम हवाय वन्सं, सध्या नका येऊ.

"या वन्सं," ती आता म्हणाली. "गुडघा कसा आहे?"

"माझाच आहे अजून," आत्या म्हणाली. दोन्ही कानांमागे तिची ऐकण्याची यंत्रं होती, बदामी रंगाची. ती कधी लपवायची नाही, उलट केस मागे घेऊन दाखवायची. "भाऊ कुठाय? आणि हे काय, सगळे असे बसलात? कुणाला घालवायला निघालात?"

थोरल्याने थोडक्यात सांगितलं. आत्या मध्ये बोलली नाही, हेच नवल. शेवटी म्हणाली, "तो ऑडिओ का काय तो, मला ऐकव."

धाकटीने हेडफोन आणले. आत्याने कानांमागची यंत्रं काढून रुमालात ठेवली, हेडफोन चढवले आणि डोळे बारीक करून बसली. बराच वेळ.

"लाव ना," ती म्हणाली.

"लावलंय आत्या."

"काय?"

धाकटीने तिच्या समोर येऊन सांगितलं, "लावलंय! आवाज पूर्ण वाढवलाय!"

"अगं, यात कुणी नाहीच." आत्याने हेडफोन काढून उलटेसुलटे करून पाहिले. "थोडी घरघर येते. पाण्याचा नळ चालू असल्यासारखी. बाई कुठाय?"

थोरल्याने हेडफोन घेऊन कानाला लावले. बाई होती. कुरणात उभी होती.

"तुला यंत्राशिवाय ऐकू येत नाही आत्या, म्हणून," तो म्हणाला.

"बरोबर. मी त्या खात्यात होते ते लग्न होईपर्यंत आणि मग थोडं." आत्याने यंत्रं परत लावली. "भाऊ तिथे म्हातारा झाला. माझे कान गेले आणि त्याचे राहिले, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"बाबांचे कान?" धाकटी हसलीच. "आत्या, बाबांचे कान म्हणजे—"

बाबांचे कान म्हणजे घरातली दंतकथा होती. बाबा पुढे जॉबर झाले, मागांच्या ओळी त्यांच्या हाताखाली आल्या. खात्याच्या दारात उभं राहून ते सांगायचे, त्या तिथला माग लंगडतोय, धोटा अडेल आता. आणि अडायचाच. मोठे साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे. थोरल्याने ही गोष्ट शाळेत, आगारात, आपल्या लग्नात सांगितली होती.

"कानांनी नाही रे," आत्या म्हणाली. "पायांनी. दारात चपला काढून उभा राहायचा तो. जमिनीतून कळायचं त्याला. कान तर त्याचे जॉबर व्हायच्या आधीच गेले होते. पण बहिऱ्याला जॉबर कोण करणार? म्हणून मला शपथ घातली. आणि नंतर तुम्ही सगळे त्या कानांचं इतकं कौतुक करायला लागलात, की त्याला सांगायचीच चोरी झाली."

"शक्य नाही," थोरला म्हणाला. "आम्ही बोलतो ते सगळं कळतं त्यांना. कालपरवापर्यंत..."

"तोंडाकडे बघून कळतं. जा, मागून हाक मार."

धाकटी उठली. खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. बाबा खिडकीकडे तोंड करून होते. "बाबा," ती म्हणाली. मग मोठ्याने, "बाबा!" मग या घरात शिकलेल्या संपूर्ण आवाजाने, "बाबाऽऽ!"

खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

धाकटीने दाराच्या चौकटीला धरलं. तिच्या हनुवटीवर मास्क लोंबत होता. संसर्ग होऊ नये म्हणून तिनेच नियम केला होता. बाबांजवळ जाताना सगळ्यांनी मास्क लावायचा. परिचारिका तर कायमच. म्हणजे ज्या घटकेला कुणीतरी त्यांच्या गळ्यातून श्वासाची नळी ओढून काढत होतं, त्या घटकेला त्यांच्याभोवती नुसते डोळे होते. कोण काय करणार, कधी करणार, झालं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. "मी त्यांना समजावून सांगत होते," ती म्हणाली. "मास्कमधून. रोज."

"औषधानेही कानांवर परिणाम होतो असं डॉक्टर म्हणाले होते," थोरला हळू म्हणाला. "उरलंसुरलं तेही गेलं असेल. बाबांना विचारलं होतं मी. ठीक आहे म्हणून मान हलवली."

"ती मान तो आयुष्यभर हलवत आलाय."

आई अजून बसूनच होती. ती दुसरंच काही बघत होती. कितीतरी संध्याकाळी. हे वर्तमानपत्र वाचत बसलेले, ती मागून हाक मारतेय, अहो, ऐकलंत का, आणि हे ढिम्म. जॉबर झाले म्हणून शिष्टपणा आला, असं तिने आपल्या आईला सांगितलं होतं. कितीदा रुसली. रुसून दोन दोन दिवस बोलली नाही, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, म्हणून आणखी रुसली. पुढे कधीतरी तिने हाका मारणंच सोडलं. काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची आणि मग बोलायची. आपण हे का करतो, याचा तिने एकदाही विचार केला नव्हता.

"वन्सं," ती म्हणाली, "ते हल्ली ओठ हलवतात. माझ्याकडे बघून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज काढायचा प्रयत्न करू देऊ नका, गळ्यावर ताण येईल. म्हणून मी त्यांच्या तोंडावर हात ठेवते. बोलू नका हो, म्हणते. आता हलवतही नाहीत."

आत्याने रुमाल घडी करून पिशवीत ठेवला, आणि उठून भावाच्या खोलीत गेली.

*

परिचारिका आली तेव्हा आत्या बाबांच्या समोर, पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेली होती. दोघांचे ओठ चालले होते. आवाज अजिबात नाही. मध्येच बाबांचे खांदे हलले आणि परिचारिका दचकून पुढे झाली.

"हसतायत ते," आई म्हणाली. तिला ते हसू पाठ होतं. पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला नाही.

धाकटीने परिचारिकेला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मास्ककडे बोट दाखवून म्हणाली, "हा मी काढू शकत नाही." मग विचार करून म्हणाली, "पण मी बाजूला उभी राहते. त्यांना समोर बघू दे. मी काय करतेय ते या सांगतील."

"आणि ऑडिओ?" धाकटीने विचारलं. तिच्या हातात अजून हेडफोन होते. "त्यातलं ओळीने सांगशील का आत्या? मी ऐकून तुला सांगते. खांदे सैल सोडा. डोळे मिटा."

"डोळे मिटल्यावर माझं बोलणं काय कपाळाने बघेल तो? पुढे?"

"हिरव्यागार कुरणात..."

"कुरणात कशाला नेतेस त्याला? त्याला गवताची शिंक येते." आत्या भावाकडे वळली. "गप्प बसा सगळे. मी नेते त्याला कुठे न्यायचं तिथे."

थोरला दाराला टेकून उभा होता. हात पाठीमागे घेऊन त्याने ते एकमेकांत घट्ट धरले होते. परिचारिकेने पट्टा सैल केला. बाबांचे डोळे तिकडे गेले, श्वास फासफूस करायला लागला. आत्याने स्टूल पुढे ओढलं आणि त्यांच्या गुडघ्यावर एक थाप मारली. बाबांनी समोर बघितलं. आत्याचे ओठ हलू लागले.

"काय म्हणतेय ती?" धाकटीने थोरल्याच्या कानाशी विचारलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला. आणि मग त्याला कळलं की माहीत आहे.

जेवणाच्या त्या टेबलाशी त्याची खुर्ची मधोमध असायची. दोघांची तोंडं बघत बघत तो जेवायला शिकला होता. एकदा त्याने आवाज न काढता मीठ मागितलं, तेव्हा आत्या टाळ्या पिटून हसली होती, पण बाबा गंभीर झाले. हे शिकायचं नाही, म्हणाले. हे खात्यातलं आहे आणि तुला खात्यात जायचं नाही. तेव्हापासून तो मान खाली घालून जेवायला लागला. मान खाली घातली तरी डोळे वर करता येतात.

"पाळी संपली, म्हणतेय," तो म्हणाला. शब्द आधी तुटक येत होते, एखादा निसटत होता. "भोंगा झाला. भाऊ... पहिली ओळ बंद कर."

परिचारिकेचा हात गळ्यापाशी गेला. आत्याने हाताने खूण केली, आता ती नळीला हात लावतेय, आणि ओठांनी तेच सांगितलं. मग लगेच पुढे.

"दुसरी ओळ. खिडकीकडची." थोरला आता थांबत नव्हता. "बघ कसं थोडं हलकं झालं. तिसरी बंद. पट्टे थांबले. कापसाची भुकटी खाली बसतेय. आता ती नळी काढतेय, एक खोकला येईल, येऊ दे. आला. गेला. चौथी ओळ."

बाबा बघत होते. कपाळावर घाम होता, पण हात मांडीवर होते, उताणे, बोटं उघडी. धाकटीने परिचारिकेच्या हातातून नळी घेतली, धुतली, परत दिली. तिला ते खातं कधी बघायला मिळालं नव्हतं. ती जन्मली तेव्हा गिरणी बंद पडायला आली होती. पण दादाच्या आवाजात ते तिच्यासमोर एकेक ओळ थांबत चाललं होतं, आणि ती शांतता मोठी होत होती. त्या कानातल्या बाईने इतके दिवस जे करायचा प्रयत्न केला, ते हे होतं. फक्त तिला बिचारीला पत्ता चुकीचा दिला होता.

"सगळे बंद झाले," थोरला म्हणाला. "फक्त कोपऱ्यातला तो खोडकर माग चालू आहे. तो माझं ऐकत नाही. तो तू बंद कर, भाऊ."

बाबांचा उजवा हात मांडीवरून उठला. परिचारिका क्षणभर थांबली. पण तो हात तिच्याकडे गेलाच नाही. तो हवेत थोडा पुढे झाला, न दिसणारी मूठ धरून त्याने ती आपल्याकडे ओढली आणि पुन्हा खाली विसावला. नळी आत बसली होती.

"झालं," परिचारिका म्हणाली. मग तिने आत्याकडे बघून नुसते हात झटकून दाखवले. आत्याने ते भावाला सांगितलं. बाबांनी डोळे मिटले आणि गळ्याच्या त्या भोकातून एक लांब, शांत श्वास बाहेर सोडला.

आई तोंडाला पदर लावून उभी होती. आत्या स्टुलावरून उठताना गुडघा धरून कळवळली, तशी आईने पुढे होऊन तिला हात दिला. तो तिने लगेच सोडला नाही.

"मला शिकवाल का हे, वन्सं?"

"तुम्हाला काय शिकवायचं वहिनी?" आत्या म्हणाली. "इतकी वर्षं समोर जाऊन तुम्हीच तर बोलताय त्याच्याशी. आता फक्त तो बोलेल तेव्हा तोंडावर हात ठेवू नका."

आई रडत होती आणि हसतही होती. परिचारिका आपलं सामान आवरत म्हणाली, "उद्या सकाळी मी येऊ, की गाडी येणार आहे?"

सगळे थोरल्याकडे बघायला लागले. बाबांनी डोळे उघडले होते. त्यांना प्रश्न ऐकू गेला नव्हता, पण माना कुठे वळल्या ते त्यांनी पाहिलं, आणि त्यांनीही त्याच्याकडेच पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आत्या सांगायला तोंड उघडत होती, पण थोरल्याने हात वर करून तिला थांबवलं. त्याला स्वतःला वाचायचं होतं.

बाबांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द गालात धरून. तू माझे हात धरू नकोस. तू समोर बस.

थोरला पलंगापाशी आला. स्टुलावर बसला. ओठ हलवले, पण सवय नव्हती आणि ते जेमतेम उघडले.

बाबांच्या कपाळाला आठी पडली. खात्यात काम चुकलं की पडायची तीच. तोंड उघड, ते म्हणाले. पुटपुटतोस काय? मला कळत नाही.

मग थोरल्याने सगळ्यांच्या देखत तोंड पुरतं उघडलं, आणि आवाज न काढता, लहान मुलाला समजावं इतक्या सावकाश, बापाला सांगितलं : मी बसेन, बाबा. रोज बसेन. तुम्ही कुठेही जायचं नाही.